घरी विचारून सांगते

जूनमध्ये ब्लांटायरवर चिपेरोनी उतरते,
धड पाऊस नव्हे, धड धुकं नव्हे,
पलीकडच्या देशातल्या डोंगरावरून आलेली
बसली की न उठणारी ओली पाहुणी.
वॉर्डात लेकरं चितेंजेत गुंडाळलेली,
ज्या कापडाने पाठीवर बांधून आणली, त्यातच.

मी तावोंगा न्यिरेंडा, चौथं वर्ष.
मूळची रुम्फीची, उत्तरेची; माझी चिचेवा ऐकून
इथल्या नर्सेस अजून गालात हसतात.
एका संशोधनात काम मिळालं होतं मला :
सहा पानं वाचून दाखवायची, सही घ्यायची,
सही येत नसेल तर अंगठा.
खोलीच्या भाड्यापुरते क्वाचा सुटायचे.

एस्नार्ट थ्योलोच्या चहामळ्यातून आली होती.
मुलगा चार वर्षांचा, तापाने फणफणलेला,
श्वासागणिक बरगड्यांत खळगे.
मी वाचत गेले. कुणाला कुठलं औषध, ते चिठ्ठी टाकून ठरेल.
रक्त दोन चमचे. केव्हाही बाहेर पडता येईल.
ती ऑक्सिजनच्या नळीकडे बघत होती.
मग म्हणाली,
"नाही म्हटलं, तर ही खाट जाईल?"

"उपचार थांबणार नाहीत," मी म्हटलं.
पान चार, ओळ दुसरी.
तिने खाटेचं विचारलं होतं.
इथे रात्रीची वेगळी नर्स होती,
भिंतीपलीकडे एका गादीवर तिघं.
पानांत हे नव्हतं. तिला दारातून दिसत होतं.

अंगठा उमटला तो नुसता जांभळा ठिपका,
रेषाच नाहीत.
अकरा वर्षं पानं खुडून
कधीच्या झिजलेल्या.
मी खाली तारीख घातली.

मुलगा वाचला. आठव्या दिवशी
मुठीतला न्सिमा सांडत आईच्या पाठीवरून गेला.
मला वाटलेलं, तो वाचला की प्रश्नही मिटेल.

डॉक्टर कलिरानींनी फॉर्म उलटून पालटून पाहिला.
"यात चूक कुठे आहे?"
"कुठेच नाही, सर. तेच टोचतंय."
ते हसले नाहीत. कपाटातून एक पुस्तक काढलं,
कधी कुणी पुरतं न उघडलेलं.
"हे परीक्षेला येत नाही. वर्ष लांबेल तुझं."

बाबा फोनवर, तंबाखूची प्रतवारी लावता लावता :
"आणखी एक वर्ष? डॉक्टर होतेयस की वकील?"
"डॉक्टरच, बाबा."
"मग आधी सुई टोचायला शीक."
खरंच होतं ते. त्या आठवड्यात
दोनदा शीर चुकली होती माझी.

आणि मग एका पहाटे माई सिनोया,
फिनेलची बादली खाली ठेवून,
मी न विचारताच :
"मोठ्या माणसाच्या तोंडावर नाही कोण म्हणतं, पोरी?
आपल्यात म्हणतात, घरी विचारून सांगते.
तेवढ्यात समजायचं."
फरशी पुसत ती पुढे गेली.
माझ्या गळ्यात स्टेथोस्कोप होता.
किती जणींनी म्हटलं असेल हे मला,
आणि मी म्हटलं असेल, बरं, उद्या येते,
आणि उद्या गेलेही असेन, शाईची डबी घेऊन.

आता सप्टेंबर. जॅकरांडाला निळी फुलं.
समितीपुढे माझं अर्धं पान पडून आहे :
'घरी विचारून सांगते' हा नकार धरावा.
समासात कुणीतरी लाल पेन्सिलीने लिहिलंय, पुरावा?

काल एक सायकल-टॅक्सीवाला, कोवळा बाप,
सहाव्या पानाला म्हणाला,
"घरी विचारून सांगतो."
मी डबीचं झाकण लावलं.
तो वाट पाहत होता, मी उठून जाईन म्हणून.
पोरीच्या हातावर सुईची जागा सुजली होती,
ती बदलायला घेतली.
शीर दुसऱ्या खेपेला सापडली.
पट्टी चिकटवली तसा त्याने हात पुढे केला,
अंगठा वर धरून :
"कुठे द्यायचा?"
"कुठेच नाही," मी म्हटलं.
त्याने तो हळूच मिटला, मुठीत.